प्रोजेक्ट विकत मिळेल

एमबीएचं पहिलं वर्ष संपलं की दोन महिन्यांची इंटर्नशिप येते. मुलामुलींनी एखाद्या कंपनीत, कारखान्यात किंवा पेढीवर जायचं, तिथे काम करायचं, तिथला व्यवहार समजून घ्यायचा आणि त्यावर अहवाल लिहायचा. पुण्यात त्याला 'एसआयपी', म्हणजे समर इंटर्नशिप प्रोजेक्ट, म्हणतात. मुंबईत बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या प्रकल्पाला मुलांनी 'ब्लॅक बुक' नाव पाडलं आहे. काळं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. संपूर्ण अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला धंद्याच्या दारात नेऊन उभं करणारा हा एकच भाग आहे.

आणि हाच भाग कॉलेजाच्या फाटकाबाहेर झेरॉक्सच्या दुकानात विकत मिळतो.

मार्केटिंगचा वेगळा, फायनान्सचा वेगळा, एचआरचा वेगळा. नाव, कंपनी आणि वर्ष तेवढं बदलून देतात. बाइंडिंग त्यातच. दुकानदार एवढंच विचारतो, 'स्पेशलायझेशन कुठलं?' मी पुण्यात एमबीए केलं तेव्हा हे असंच होतं, आज माझ्याकडे सल्ला मागायला येणारी मुलं सांगतात की अजूनही असंच आहे. आता तर दुकानापर्यंत जायचेही कष्ट नाहीत. एआयला विषय सांगायचा, ऐंशी पानं तयार.

यात लपवाछपवी नाही, ही सर्वांत वाईट गोष्ट. गाईडला ठाऊक असतं. विभागप्रमुखांना ठाऊक असतं. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही ठाऊक असतं. तोंडी परीक्षेत एकेकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. 'सॅम्पल साइज किती?' 'शंभर, सर.' 'कुठली पद्धत?' 'कन्व्हिनियन्स सॅम्पलिंग, सर.' 'ठीक. पुढचा.' ते शंभर जण कोण, कुठे भेटले, काय बोलले, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर नसतं, कारण ते शंभर जण नसतातच. गुगल फॉर्म वर्गाच्या ग्रुपवर फिरतो, मित्रच ग्राहक होतात, पाय चार्ट तयार होतो आणि निष्कर्ष निघतो की 68 टक्के ग्राहक समाधानी आहेत.

विद्यापीठांनी यावर उपाय म्हणून प्लेजरिझम तपासणारं सॉफ्टवेअर आणलं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. मुलं साम्य तेवढ्यापर्यंत खाली आणतात आणि दाखला जोडतात. पण ते सॉफ्टवेअर शब्दांची चोरी पकडतं, आकड्यांचं खोटं पकडत नाही. स्वतःच्या मनाने रचलेले शंभर ग्राहक त्या चाळणीतून सहीसलामत बाहेर पडतात. उलट जितकं जास्त मनाने रचावं, तितका दाखला स्वच्छ.

या अहवालाच्या पहिल्या पानांवर एक निवेदन असतं. हे काम माझं स्वतःचं आहे, मी ते प्रत्यक्ष जाऊन केलं आहे. खाली विद्यार्थ्याची सही. पुढच्या पानावर गाईडची सही, संचालकांची सही, कॉलेजचा शिक्का. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला आपण व्यवसाय शिकवायला घेतो आणि तिच्या हातून पहिला व्यावसायिक दस्तऐवज करून घेतो, तो खोटा. तिच्याहून वयाने आणि पदाने मोठी माणसं त्या खोट्यावर सह्या करतात. तिच्या लक्षात काय राहणार? कागद पूर्ण असला की झालं. 'बिझनेस एथिक्स'चा पेपर तिने कितीही चांगला लिहिलेला असो, हा धडा त्याच्यावर मात करतो.

हे किरकोळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी 2019 चा सप्टेंबर आठवावा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला स्वतःच्या खात्यातून फक्त 1,000 रुपये काढायची मुभा राहिली. एका बांधकाम समूहाला दिलेली थकीत कर्जं लपवण्यासाठी 21 हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेली होती, असं तपासात पुढे आलं. ती खाती आपोआप तयार झाली नाहीत. कुणीतरी संगणकासमोर बसून नावं भरली, रकमा भरल्या. कुणीतरी तपासली, सह्या केल्या. मुंबईतले निवृत्त लोक बँकेच्या दारात रडत होते, ते अशा सह्यांमुळे. नसलेले शंभर ग्राहक रचणं आणि नसलेले कर्जदार रचणं यात गुन्ह्याच्या आकाराचा प्रचंड फरक आहे. सवय एकच आहे.

आता मुलांची बाजू. त्यांना नुसतं आळशी म्हणून मोकळं होणं अन्याय आहे.

कॉलेजं प्रवेश देताना माहितीपुस्तिकेत कंपन्यांचे लोगो छापतात. इंटर्नशिपची वेळ आली की सांगतात, 'आपापली शोधा.' पुण्यात ओळख नसलेली उदगीरची, गेवराईची, चोपड्याची मुलगी कुठे शोधणार? मग तिच्या वाट्याला येते ती विक्री. डिमॅट खाती उघडून द्या, विमा पॉलिसी विका, क्रेडिट कार्डाचे फोन करा. टार्गेट पूर्ण केलं तर प्रमाणपत्र, नाही केलं तर तेही नाही. स्टायपेंडचं नावच काढायचं नाही. मीही तेच केलं. एका वित्त कंपनीने आम्हाला फोन नंबरांची यादी दिली आणि संध्याकाळी सांगितलं, 'लीड मिळत नसतील तर नातेवाईकांपासून सुरुवात करा.' मावशीचं खातं उघडलं, मामाचं उघडलं, शेजारच्या काकूंचं उघडलं. त्यातल्या कुणीही त्या खात्यातून कधी एक शेअर घेतला नाही. त्या कंपनीचा पैसा कुठून येतो, कमिशन कसं ठरतं, बंद पडलेल्या खात्याचा खर्च कोण सोसतं, हे आम्हाला कुणी दाखवलं नाही. आम्ही फुकटचे विक्रेते होतो आणि आमचे नातेवाईक फुकटचे गिऱ्हाईक. कॉलेजने मात्र त्यालाच अभ्यास मानून गुण दिले.

मला जिथे जायचं होतं तिथे जाऊ दिलं नाही. आमचं बार्शीला कृषी सेवा केंद्र आहे. मी वडिलांच्या दुकानावर प्रकल्प करते म्हटलं तर उत्तर आलं, 'कंपनी लिमिटेड हवी. लेटरहेड हवं.'

त्या दुकानात काय शिकायला होतं ते सांगते. मृगाच्या तोंडावर शेतकरी बियाणं आणि खत उधारीवर नेतो, कारण त्याच्या हातात तेव्हा पैसा नसतो. पैसे येतात सोयाबीन निघाल्यावर, नाहीतर थेट तुरीला. बियाणं कंपनीला मात्र हंगामाआधी बुकिंगचे पैसे हवे असतात. आगाऊ भरले तर सवलत, न भरले तर चांगला वाण दुसऱ्या दुकानात जातो. या मधल्या चार-सहा महिन्यांचा भार दुकानदार बँकेच्या कॅश क्रेडिटवर आणि स्वतःच्या रक्तदाबावर पेलतो. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना विकायची, सरकारी भाव ठरलेला, नफा नावापुरता. पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा घेतल्याशिवाय विक्री होत नाही आणि दुपारी नेटवर्क गेलं की रांग उन्हात उभी. त्यात लिंकिंग. युरिया हवा असेल तर सोबत न खपणारं दुसरं काहीतरी उचला, असं वरून सांगितलं जातं. ते दुकानदाराने उचललं की त्याच्याकडे पडून राहतं किंवा शेतकऱ्याच्या गळ्यात जातं. कुणाला उधार द्यायचं, कुणाला नाही, हे ठरवताना बाबा सातबारा बघत नाहीत. विहिरीला पाणी किती आहे, मुलीचं लग्न झालंय की व्हायचंय, गेल्या दोन हंगामांत माणूस स्वतःहून किती वेळा दुकानाची पायरी चढला, हे बघतात. पाऊस लांबला की वसुली लांबते. दुबार पेरणी आली की आधीच्या उधारीवर नवी उधारी चढते आणि तेव्हा नाही म्हणणं म्हणजे गिऱ्हाईक कायमचं गमावणं.

वर्गात याच सगळ्याला खेळतं भांडवल, पतधोरण, इन्व्हेंटरी, चॅनल कॉन्फ्लिक्ट अशी नावं होती. सूत्रं मी पाठ केली. गणितंही बरोबर सोडवली. त्या सूत्रातली 'सरासरी वसुली कालावधी' ही संख्या ज्या माणसाच्या झोपेतून निघते तो माणूस माझ्या घरात होता, आणि अभ्यासक्रमाच्या लेखी तो धंदाच करत नव्हता.

महाराष्ट्रातला बहुतेक धंदा असाच आहे. भोसरीच्या गाळ्यातलं मशीन शॉप, इचलकरंजीचा यंत्रमाग, कोल्हापूरची फाउंड्री, हुपरीचं चांदीकाम, सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची अडत, लासलगावचा कांदा, गावोगावचे बचतगट. यांच्याकडे लेटरहेड असेल-नसेल. शिकण्यासारखं मात्र खच्चून भरलेलं आहे आणि यांना शिकलेल्या मुलांची खरी गरज आहे. एक उदाहरण देते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, हा नियम 2006 च्या कायद्यात आहे. 1 एप्रिल 2024 पासून आयकर कायद्यातल्या कलम 43बी(एच)ने त्याला धार आली. खरेदीदाराने वेळेत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च त्याला करात वजा करता येत नाही. तक्रार करायला सरकारी पोर्टलही आहे. आता भोसरीतल्या गाळेवाल्याला विचारा, तुमची किती बिलं 45 दिवसांच्या पुढे गेलीत? त्याच्याकडे यादी नसते. दिवसभर तो मशीनवर असतो. ती यादी करणं, बिलांच्या तारखा लावणं, उद्यम नोंदणी आहे का बघणं, मोठ्या खरेदीदाराला दुखावलं तर पुढची ऑर्डर जाईल या त्याच्या भीतीसकट मार्ग सुचवणं, हा एमबीएच्या विद्यार्थ्याचा अस्सल दोन महिन्यांचा प्रकल्प आहे. त्या गाळेवाल्याचे अडकलेले पैसे मोकळे झाले तर त्याहून मोठा निष्कर्ष कुठल्याही काळ्या पुस्तकात नसेल.

याऐवजी आपण मुलांना कुठे नेतो? इंडस्ट्रियल व्हिजिटला. सकाळी कारखान्याच्या काचेआडून तासभर फिरायचं, फाटकासमोर ग्रुप फोटो काढायचा आणि बस गोव्याकडे किंवा महाबळेश्वरकडे वळवायची. सहल हवी असेल तर सहल काढा, आनंदाने काढा. तिला अभ्यास म्हणून फीमध्ये धरू नका.

आमच्या कॉलेजात एक सर होते. त्यांनी आम्हाला पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नेलं, प्रत्येकाला एकेक जिन्नस नेमून दिला आणि सांगितलं, गाडीतून उतरल्यापासून किरकोळ विक्रेत्याच्या टेम्पोत चढेपर्यंत याच्या किमतीत कुठे किती भर पडते ते लिहून आणा. हमाली, तोलाई, वाराई, अडत, नासाडी. 2016 मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तेव्हा कागदावर काय बदललं आणि गाळ्यावर काय बदललं, हे त्यांनी अडत्यालाच आमच्यासमोर विचारलं. ती एक सकाळ मला पूर्ण सत्रापेक्षा जास्त आठवते. अशा शिक्षकांना तासिका तत्त्वावर ठेवून, नॅकच्या फायली भरायला लावून आपण थकवून टाकतो. ते सर पुढे नोकरी सोडून गेले.

भाषेचंही बोललं पाहिजे. अडत्याशी, कामगाराशी, गिऱ्हाइकाशी मुलगा मराठीत बोलतो, त्याला सगळं मराठीत समजतं आणि अहवाल मात्र इंग्रजीत लिहावा लागतो. ते इंग्रजी येत नाही म्हणून तो दुकानातून विकत घेतो. निम्म्या खोटेपणाचं मूळ इथे आहे, असं माझं ठाम मत आहे. यूजीसीने एप्रिल 2023 मध्ये विद्यापीठांना कळवलं की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत परीक्षा लिहू द्या. मग मराठी मुलुखातल्या धंद्यावरचा अहवाल मराठीत का नको? इंग्रजी शिकवा, भरपूर शिकवा, नोकरीसाठी ती लागतेच. पण पाहिलेलं खरं लिहायचं की न पाहिलेलं इंग्रजीत लिहायचं, अशी निवड मुलासमोर ठेवू नका.

आणि अहवालाचे विषय तर आपल्या दारातच आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या स्टीफन थॉम्के यांनी 2010 मध्ये केस लिहिली. आपल्या मुली ती पीडीएफमधून पाठ करतात आणि रोज त्याच डबेवाल्यांच्या शेजारून अंधेरी स्टेशनात शिरतात. गिरगावात 1959 मध्ये सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. ग्राहकाच्या मनातली भीती कशी ओळखावी, याचा यापेक्षा चांगला धडा मला परक्या पुस्तकात सापडला नाही. आपल्याकडे लिहिण्यासारखं कमी नाही. जाऊन बघणारे आणि बघायला पाठवणारे कमी आहेत.

नियामकांचं लक्ष वेगळीकडेच आहे. 2024-25 पासून बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले, राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी काय केलं? बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज केलं. मुलं तीच, वर्ग तेच, शिक्षक तेच. प्रवेश परीक्षेवरून एवढी रस्सीखेच झाली. आत गेल्यावर मुलगा कधी एखाद्या खऱ्या धंद्याच्या वहीला हात लावतो का, हा प्रश्न त्या वादात कुठेच नव्हता.

हे सुधारायला नवा कायदा लागत नाही. एका गाईडकडे पेलतील इतकेच विद्यार्थी द्या. गाईडने दोन महिन्यांत एकदा तरी त्या जागी जाऊन यावं. मुलाने रोजची नोंदवही ठेवावी, तारीखवार, हाताने. दुकान, गाळा, अडत, दूध संकलन केंद्र, बचतगट, सगळं चालेल असं लेखी जाहीर करा. मराठी अहवाल स्वीकारा. तोंडी परीक्षा अर्धा तास घ्या आणि जिथे काम केलं त्या मालकाला फोनवर का होईना, परीक्षेला बसवा. अहवाल वीस पानांचा आला तरी चालेल. ऐंशी पानांचा हट्ट सोडा, तो झेरॉक्सवाल्याच्या फायद्याचा आहे.

दुकानदारांना आणि उद्योजकांना माझी विनंती आहे. पोरं दारात आली तर चहा पाजून परत पाठवू नका. त्यांना बिलबुक दाखवा, उधारी दाखवा, यंदा कुठे फसलो तेही सांगा. उद्या मुलाखतीला बसून 'हल्लीच्या एमबीएंना काही येत नाही' म्हणायचा हक्क तेव्हाच मिळतो.

आणि पालकांना. प्रवेशाच्या फेऱ्या येतील, तुम्ही लाखांत फी भराल. बरेच जण कर्ज काढून भराल. भरण्याआधी कॉलेजच्या ग्रंथालयात जा आणि गेल्या वर्षीचे पाच प्रकल्प अहवाल मागा. तो तुमचा साधा हक्क आहे. वाचून बघा. पाचांतले तीन एकसारखे निघाले किंवा कुणी ते दाखवायलाच तयार नसेल, तर तिथे फी भरू नका.